नागमोडी

अर्ज परत आला तेव्हा कळलं.
पारोळ्याच्या कचेरीतल्या कारकुनाने
'तहसिलदार'मधल्या सि-खाली
लाल बॉलपेनने रेघ मारली होती,
सरळ, पट्टी लावून.
बहादरपूरचा माणूस कागद उलटा-सुलटा करत म्हणाला,
"ताई, हाई काय शे?"

मी स्क्रीनकडे पाहिलं.
सकाळपासून, कदाचित सोमवारपासूनच,
माझा एकही शब्द चुकला नव्हता.
अकरा वर्षांत असं झालेलं नाही.

मुद्दाम लिहिलं, 'पाणि'. काही नाही.
'विहिर'. काही नाही.
'ढमढखग' लिहिलं,
ब्राउझरने तेही मुकाट गिळलं,
शेवटच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखं.

राइट क्लिक.
'शुद्धलेखन तपासा'समोर बरोबरची खूण होतीच.
काढली, पुन्हा केली.
ब्राउझर बंद करून उघडला, मग आख्खा कॉम्प्युटर.
शेजारच्या झेरॉक्सवाल्या अन्सारभाईंनी
एक वायर हलवून पाहिली. ती माउसची होती.
हितेंद्र जळगावहून फोनवर म्हणाला,
रात्री अपडेट आलं असेल,
मराठी शब्दकोश जुना पडला त्याच्यापुढे,
सगळं उडव, नवी प्रोफाइल कर,
दोन मिनिटांचं काम.

सगळं म्हणजे काय काय, ते सांगेना.
म्हणून आधी फोल्डर उघडलं.
आत एक फाइल. नोटपॅडमध्ये उघडते.
एका ओळीत एक शब्द, कसल्याच क्रमात नाहीत,
यंत्र ज्यांना चूक म्हणालं
आणि झिपरू नाना म्हणाले, चूक तुझी, लिहून घे.

आखाजी
म्हसवे
कानबाई
तामसवाडी
बिबड्या
आंडेर

नाना माझ्याआधी या खुर्चीवर बसायचे.
उशी अजून त्यांचीच.
'विहीर' दीर्घ, म्हणायचे,
आणि 'विहिरीत' उतरलीस की ऱ्हस्व,
आत जागा कमी असते.
आता सुरतला असतात पोराकडे, सातव्या मजल्यावर.
फोन लावला तर "कोण, कोण" एवढंच बोलणं होतं.

नऊशे बारा शब्द.
बहादरपूरच्या माणसाला पाणी दिलं आणि वाचत गेले.
तीनशेच्या आसपास कुठेतरी 'सुशिला'.
तालुकाभरच्या वेलांट्या सरळ करणाऱ्या माणसाने
बायकोची तेवढी तशीच ठेवलेली,
ती सही करायची तशी.

फाइल पेनड्राइव्हवर घेतली,
एक प्रत स्वतःलाच मेल केली,
मग हितेंद्र म्हणाला तसं सगळं उडवलं.
नवा शब्दकोश उतरताना नेट त्र्याऐंशी टक्क्यांवर बसलं,
तोवर चहा झाला.
फाइल जागच्या जागी ठेवली. उघडलं.

'पाणि'च्या खाली उगवली ती,
बारीक, लाल, नागमोडी,
शेवभाजी संपल्यावर वाटीच्या कडेला
तर्री राहते तशी.

'आखाजी' साफ.
'सुशिला' साफ.
सहज म्हणून लिहिलं, 'झिपरू'.
लाल.

फाइलमध्ये शोधून पाहिलं, दोनदा.
मोंढाळ्यापासून शेळाव्यापर्यंत सगळ्यांची नावं होती,
आजोबांची, सासऱ्यांची, एका बैलाचंही.
त्यांचं नव्हतं.
स्वतःसाठी कधी अर्ज केला नसेल,
किंवा केला असेल हाताने.

"व्हयनं का?" बाकावरून विचारणा झाली.
'तहसीलदार' नीट केलं, प्रिंट काढली,
पैसे घेतले नाहीत. चूक माझी होती.

मग पुन्हा त्या नावावर राइट क्लिक.
'शब्दकोशात घाला'वर बाण नेला,
थोडा वेळ तिथेच ठेवला,
आणि काढून घेतला.

आता रोज सकाळी शटर वर केलं की
आधी तेवढा एक शब्द टाइप करते.
खाली लाल आली, की यंत्र ठीक आहे.
खोडते,
आणि रांगेतल्या पहिल्याला आत बोलावते.